टॅलीच्या बिलांपासून पॉवर बीआयच्या पडद्यापर्यंत: एजन्सीसाठी विक्री आणि येण्यांचा डॅशबोर्ड

बिस्किटं, साबण, तेल, फरसाण अशा मालाची एजन्सी चालवणाऱ्याकडे आकड्यांची वानवा नसते. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये रोजची बिलं असतात, सेल्समनकडे वसुलीची वही असते, कंपनीच्या अ‍ॅपवर टार्गेट असतं. तरीही ‘संगमनेर बीटवर (म्हणजे सेल्समनच्या ठरलेल्या फेरीच्या भागात) या महिन्यात विक्री का उतरली’ असं मालकाने विचारलं की अकाउंटंट चार एक्सेल फायली उघडून बसतो, आणि उत्तर येईपर्यंत महिना उलटलेला असतो. ही दरी बुजवायला बिझनेस इंटेलिजन्स सॉफ्टवेअर लागतं. या लेखात मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय वापरून असा डॅशबोर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा उभा करायचा ते सांगतो. उदाहरणासाठी अहिल्यानगर जिल्ह्यात माल पुरवणारी एक एजन्सी धरू: चार कंपन्यांचा माल, सहा सेल्समन, सात-आठशे दुकानं, हिशोब टॅलीप्राइममध्ये. तुमचा धंदा औषधांचा, खतांचा किंवा सुट्या भागांचा असला तरी पायऱ्या बदलणार नाहीत.

मेनू आणि फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये फंक्शनची नावं रोमन लिपीतच टाइप करावी लागतात. तक्ते, कॉलम आणि मेजर (म्हणजे आकडे काढणारी सूत्रं) यांना मात्र मराठी नावं देता येतात, आणि ती द्यावीत. तक्त्याचं नाव देवनागरीत असेल तर सूत्रात ते एकेरी अवतरणचिन्हात टाकायचं. यादीतून निवडलंत तर सॉफ्टवेअर ते आपोआप करतं.

कॉम्प्युटर उघडण्याआधी

एक कोरा कागद घ्या आणि मालकाला, अकाउंटंटला आणि जुन्या सेल्समनला एकेक प्रश्न विचारा: आकडा बघून तुम्ही काय करणार? ‘एकूण विक्री बघायची आहे’ हे उत्तर अर्धवट आहे. ‘४५ दिवसांवर येणं असलेल्या पार्टीला पुढचा माल थांबवायचा आहे’ हे पूर्ण उत्तर आहे, कारण त्यात कोणता आकडा, किती तपशिलात आणि कोणासाठी हे सगळं आलं. ज्या आकड्यावर कोणी काहीच करणार नाही, तो यादीतून काढा. आपल्या एजन्सीसाठी तीन प्रश्न उरले असं समजू: कोणाचं येणं थकलंय आणि तरीही माल जातोय? कोणत्या बीटवरची दुकानं गळताहेत? दिवाळीचा माल वेळेत उचलला जातोय का?

मग त्याच कागदावर शब्दांचे अर्थ पक्के करा. ‘विक्री’ म्हणजे जीएसटीसह बिलाची रक्कम की कराआधीची? परत आलेला माल वजा करायचा का? स्कीममधला फुकट माल नगांत धरायचा का? बिलाची तारीख मोजायची की डिलिव्हरीची? मालक, अकाउंटंट आणि सेल्समन यांच्या डोक्यात या चारही गोष्टींची उत्तरं बहुधा वेगळी असतात. डॅशबोर्डवरून होणाऱ्या भांडणांचं मूळ इथेच असतं.

कराच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: विक्री नेहमी कराआधीच्या, म्हणजे करपात्र रकमेवर मोजा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, शाम्पू हे १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, फरसाण १२ वरून ५ वर. १०० रुपयांच्या मालाचं बिल आधी ११८ व्हायचं, आता १०५ होतं. करासह विक्री मोजणाऱ्याला तेवढाच माल विकूनही ११ टक्के घट दिसेल, आणि बिचाऱ्या सेल्समनला नसलेल्या घटीचा जाब द्यावा लागेल. येणी मात्र करासह धरायची, कारण पार्टीने द्यायची रक्कम तीच असते.

साधनाची निवड

पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. हिशोब गूगल शीटमध्येच ठेवणाऱ्या छोट्या दुकानाला लुकर स्टुडिओ पुरतो. माहिती आधीच डेटाबेसमध्ये असेल आणि घरात तांत्रिक माणूस असेल तर मेटाबेस हा मुक्त स्रोताचा चांगला पर्याय आहे. टॅली आणि एक्सेलच्या जगात राहणाऱ्याला मात्र मी पॉवर बीआयच सुचवीन. त्यातली पॉवर क्वेरी, म्हणजे माहिती आत घेऊन साफ करणारा भाग, एक्सेलमध्येही असते, त्यामुळे अकाउंटंटने शिकलेलं दोन्हीकडे उपयोगी पडतं.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. रिपोर्ट ऑनलाइन चढवायला कंपनीच्या डोमेनचा ईमेल लागतो, जीमेलचा पत्ता चालत नाही. डोमेन नसेल तर ते आताच घ्या.

टॅलीतून माहिती काढणं

चार गोष्टी एक्सेलमध्ये एक्सपोर्ट करायच्या: मालवार तपशिलासह विक्रीची नोंदवही, क्रेडिट नोटची (म्हणजे परत आलेल्या मालाची) नोंदवही, पार्टी आणि मालाच्या याद्या, आणि आउटस्टँडिंग्जमधला रिसिव्हेबल्सचा, म्हणजे येण्यांचा, रिपोर्ट. विक्री आणि क्रेडिट नोटसाठी स्वतंत्र फोल्डर करा आणि दर महिन्याची एक फाइल ठेवा. नाव ‘२०२५-१०’ असं वर्ष आधी आणि महिना नंतर, म्हणजे फायली क्रमाने लागतात. एक्सपोर्ट झालेल्या फाइलला हात लावायचा नाही. एखादी ओळ चुकीची वाटली तर ती टॅलीत दुरुस्त करा आणि फाइल पुन्हा काढा. टॅली ओडीबीसीनेही, म्हणजे फायली न काढता थेट, जोडता येते, मूळ मांडणीत ती ९००० या पोर्टवर असते. पण त्यासाठी टॅली उघडी आणि कंपनी लोड झालेली लागते. सुरुवातीला फायलींचा रस्ता सोपा आणि तपासायलाही बरा.

टॅलीच्या फायलीत दोन सापळे आहेत. पहिला, नगांपुढचं ‘बॉक्स’ किंवा ‘पीस’ आणि रकमेपुढचं डेबिट-क्रेडिट हे बऱ्याचदा आकड्याचा भाग नसून त्या सेलचं फॉर्मॅटिंग असतं. पॉवर क्वेरी फक्त आकडा वाचते, एकक आणि बाजू गळून पडतात. म्हणून एकक मालाच्या यादीतून घ्या, आणि डेबिट-क्रेडिटच्या रकमा वेगवेगळ्या कॉलममध्ये येतील असाच रिपोर्ट निवडा. दुसरा सापळा येण्यांचा. पार्टीच्या खात्यावर बिलवार हिशोब चालू नसेल, किंवा आलेला चेक कुठल्याही बिलासमोर न लावता ‘ऑन अकाउंट’ टाकलेला असेल, तर पैसे येऊनही जुनं बिल उघडंच दिसतं. मग डॅशबोर्ड प्रामाणिक गिऱ्हाइकाला ९० दिवसांच्या थकबाकीदारांत बसवतो. पडद्यावर कितीही कौशल्य दाखवलं तरी हे सुधारत नाही. अकाउंटंटने आधी जुन्या पावत्या बिलांना लावून घ्याव्यात.

पॉवर क्वेरीत साफसफाई

‘गेट डेटा’मधून ‘फोल्डर’ निवडा आणि विक्रीच्या फोल्डरचा पत्ता द्या. ‘कम्बाइन अँड ट्रान्सफॉर्म’ दाबलं की एका नमुना फाइलवर केलेली साफसफाई सगळ्या फायलींना लागू होते, आणि पुढच्या महिन्याची फाइल फोल्डरमध्ये टाकली की आपोआप जोडली जाते. क्रम असा ठेवा: वरच्या ओळींतलं कंपनीचं नाव-पत्ता काढा, पहिली ओळ शीर्षक करा, बिल नंबर आणि पार्टीचं नाव फक्त पहिल्या ओळीत असेल तर ‘फिल डाउन’ने खाली भरा, एकूण रकमेच्या ओळी गाळा. शेवटची गोष्ट विसरली तर विक्री बरोबर दुप्पट दिसते.

तारखांना विशेष जपा. ०५-१०-२०२५ ही आपली ५ ऑक्टोबर, पण कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकी असेल तर ती १० मे होते. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी एरर देतात म्हणून चूक कळते तरी, पण १ ते १२ तारखा गुपचूप उलटतात. म्हणून तारखेच्या कॉलमवर ‘चेंज टाइप’मधलं ‘यूझिंग लोकेल’ वापरा आणि ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. साधा ‘डेट’ प्रकार देऊन पुढे जाऊ नका.

नंतर नावं. जुन्या बिलांवर अहमदनगर, नव्यांवर अहिल्यानगर, काहींवर नुसतं ‘नगर’. शहरांसाठी दोन कॉलमचा छोटा एक्सेल तक्ता करा: बिलातलं नाव आणि आपलं ठरलेलं नाव. तो ‘मर्ज क्वेरीज’ने जोडा. नवीन प्रकार दिसला की तक्त्यात एक ओळ वाढवायची, सूत्र बदलायचं नाही. दुकानांची नावं मराठीत टाइप केली असतील तर आणखी एक अडचण येते. ‘ॲ’ हे अक्षर एका कीबोर्डवर एकसंध उमटतं आणि दुसऱ्यावर ‘अ’ला चंद्र जोडून तयार होतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरला ‘ॲग्रो’ नावाची दोन वेगळी दुकानं दिसतात. ‘रिप्लेस व्हॅल्यूज’ने एकच रूप ठेवा, आणि मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा ‘ट्रिम’ने काढा. रोमन नावांत लहान-मोठ्या लिपीचा गोंधळ होतो. पॉवर क्वेरी दोन्ही वेगळी मानते, पण पुढे मॉडेल त्यांना एकच मानतं. मग ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ करूनही नातं जोडताना दुहेरी नोंदीची तक्रार येते. आधी सगळं कॅपिटल करा, मग दुहेरी नोंदी काढा.

‘व्ह्यू’ टॅबमधलं ‘कॉलम क्वालिटी’ चालू केलं की रिकाम्या आणि चुकलेल्या नोंदी टक्क्यांत दिसतात. पण मूळ मांडणीत ही तपासणी पहिल्या १००० ओळींवरच चालते. खालच्या पट्टीवर क्लिक करून ती संपूर्ण माहितीवर लावा.

मॉडेल: मधोमध व्यवहार, भोवती याद्या

एक्सेलवरून येणाऱ्याला सगळं एकाच लांबलचक तक्त्यात हवं असतं. तो मोह टाळा. राल्फ किंबॉल यांनी रूढ केलेली तारा-रचना इथे चपखल बसते. मधोमध व्यवहारांचे तक्ते, भोवती याद्यांचे.

व्यवहारांचे दोन तक्ते: ‘विक्री’, ज्यात बिलातल्या प्रत्येक मालाची एक ओळ, आणि ‘येणी’, ज्यात प्रत्येक उघड्या बिलाची एक ओळ. क्रेडिट नोटा ऋण चिन्हाने ‘अपेंड क्वेरीज’ करून विक्रीतच जोडा आणि ‘प्रकार’ नावाच्या कॉलमात विक्री की परत ते लिहा. याद्यांचे चार तक्ते: पार्टी, माल, सेल्समन आणि तारीख. प्रत्येक यादीकडून व्यवहाराकडे एकास-अनेक असं नातं (यादीत पार्टी एकदाच, व्यवहारात अनेकदा), आणि गाळणीची दिशा एकच. ‘विक्री’ आणि ‘येणी’ एकमेकांना थेट जोडू नका. दोन्ही पार्टीच्या यादीला जोडलेले असले की पार्टी निवडताच दोन्ही आकडे बदलतात, आणि ‘येणं थकलंय तरी माल जातोय’ हा प्रश्न एकाच ओळीत सुटतो. नातं दोन्ही दिशांनी चालू करायची सूचना इंटरनेटवर सर्रास मिळते. तसं केल्यावर आकडे जुळतात असं वाटतं, पण पुढे तक्ते वाढले की कोणता आकडा कुठून गाळला गेला याचा माग लागत नाही.

सेल्समनचं नाव पार्टीच्या यादीत ठेवायचं की बिलाच्या ओळीत? बिलाच्या ओळीत. ऑगस्टमध्ये कोपरगावचं बीट एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि नाव पार्टीच्या यादीत बदललं, तर जुन्या सेल्समनची एप्रिलपासूनची सगळी विक्री नव्याच्या नावावर जमा होते. इन्सेंटिव्ह त्यावर ठरत असेल तर हा माणसाच्या पगाराचा प्रश्न आहे.

तारखेचा तक्ता आणि दिवाळीचा प्रश्न

ऑप्शन्समध्ये जाऊन ‘ऑटो डेट/टाइम’ बंद करा आणि तारखांचा स्वतःचा तक्ता बनवा. ‘कॅलेंडर’ फंक्शनला सुरुवात आणि शेवट स्वतः द्या, म्हणजे १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२७ असं. ‘कॅलेंडरऑटो’ सोपं वाटतं, पण ते मॉडेलमधल्या सगळ्या तारखा चाचपतं. एखाद्या बिलावर चुकून १९२५ साल पडलं असेल तर शंभर वर्षांचा तक्ता तयार होतो. या तक्त्यात आर्थिक वर्ष, महिन्याचं नाव आणि एप्रिलला १, मार्चला १२ असा महिन्याचा आर्थिक क्रमांक हे कॉलम घाला. महिन्याच्या नावाला ‘सॉर्ट बाय कॉलम’ने हा क्रमांक लावला नाही तर महिने अक्षरांच्या क्रमाने लागतात. शेवटी ‘मार्क अ‍ॅज डेट टेबल’ करा.

आता खरा प्रश्न. पॉवर बीआयमध्ये गेल्या वर्षाच्या त्याच काळाशी तुलना करायला ‘सेमपीरियडलास्टइयर’ नावाचं तयार फंक्शन आहे. ते इंग्रजी तारखांवर चालतं. आपल्या बाजारातली खरेदी चालते पंचांगावर. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ साली ते ८ नोव्हेंबरला आहे. २०२३च्या श्रावणात अधिक मास आल्यामुळे गणपतीपासूनचे सगळे सण पुढे गेले होते. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून तेव्हाही तसंच होणार. दुकानदार एजन्सीकडून माल दिवाळीच्या आधीच्या दोन-चार आठवड्यांत उचलतो. त्यामुळे २०२४च्या ऑक्टोबरची तुलना २०२३च्या ऑक्टोबरशी केली तर भरघोस वाढ दिसते आणि नोव्हेंबरमध्ये आपटी. प्रत्यक्षात फक्त सण सरकलेला असतो. २०२६च्या ऑक्टोबरात उलट दिसेल: महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात विक्री मंद वाटेल, आणि पंचांग न पाहणारा मालक सेल्समनवर चिडेल.

उपाय अवघड नाही. एक्सेलमध्ये दोन कॉलमचा तक्ता करा, आर्थिक वर्ष आणि त्या वर्षातल्या लक्ष्मीपूजनाची तारीख. तो तारखेच्या तक्त्याला आर्थिक वर्षाने जोडा आणि ‘दिवाळी-अंतर’ असा कॉलम काढा: त्या दिवसाची तारीख वजा लक्ष्मीपूजनाची तारीख. लक्ष्मीपूजनाला शून्य, त्याआधीच्या दिवसाला उणे १. आता एक रेषालेख घ्या, आडव्या अक्षावर दिवाळी-अंतर उणे ४५ ते अधिक १५, आणि प्रत्येक आर्थिक वर्षाची वेगळी रेषा. दिवाळीला २० दिवस उरले असताना आतापर्यंत किती माल गेला आणि गेल्या तीन वर्षांत याच टप्प्यावर किती गेला होता, हे एका नजरेत कळतं. मालक खरेदीची ऑर्डर या आलेखावर देऊ शकतो. गणपती, रमजान ईद, लग्नसराई यांपैकी ज्याचा तुमच्या मालावर परिणाम होतो त्यासाठीही असाच कॉलम करा. ईद तर दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे सरकते, तिथे इंग्रजी महिन्यांची तुलना अगदीच कुचकामी.

२०२५ची रेषा वाचताना एक टीप आलेखाखालीच लिहून ठेवा. जीएसटी दरकपात ३ सप्टेंबरला जाहीर झाली आणि २२ सप्टेंबरला लागू झाली. मधल्या काळात अनेक दुकानदारांनी माल उचलणं लांबवलं. त्या तीन आठवड्यांचा खड्डा आणि नंतरची उसळी यांत सेल्समनचा दोषही नाही आणि कर्तृत्वही नाही.

मेजर लिहिताना

कॅल्क्युलेटेड कॉलम प्रत्येक ओळीला एकदाच मोजला जातो आणि फाइलमध्ये साठतो. मेजर हे निवडलेल्या बीट-महिन्यानुसार त्या क्षणी मोजलं जातं. बेरजा, टक्केवारी, सरासरी या गोष्टी मेजरमध्येच हव्यात. परतीचं प्रमाण प्रत्येक ओळीत काढून त्याची सरासरी घेतली तर ५० रुपयांचं बिल आणि ५० हजारांचं बिल एकाच तोलाचं ठरतं.

पायाचं मेजर: निव्वळ विक्री = सम('विक्री'[करपात्र रक्कम]). परत = कॅल्क्युलेट([निव्वळ विक्री], 'विक्री'[प्रकार] = "परत"). तिसरं, एकूण विक्री, म्हणजे निव्वळ विक्री वजा परत. परत ऋण असल्यामुळे ती वजा केली की परतीआधीचा आकडा मिळतो. परतीचं प्रमाण काढताना भागाकाराच्या चिन्हाऐवजी ‘डिव्हाइड’ वापरा, म्हणजे विक्री शून्य असलेल्या बीटवर ‘इन्फिनिटी’सारखं निरर्थक उत्तर येत नाही. वर्षारंभापासूनच्या बेरजेसाठी ‘टोटलवायटीडी’ आहे. त्याला वर्षअखेर ३१ मार्च असल्याचं शेवटच्या जागी सांगावंच लागतं, नाहीतर ते जानेवारीपासून मोजतं.

चालू महिना नेहमी घात करतो. आज १२ तारीख असेल तर यंदाच्या बारा दिवसांची तुलना गेल्या वर्षीच्या पूर्ण महिन्याशी होते आणि सगळी बीटं लाल दिसतात. ‘विक्री’ तक्त्यातली शेवटची तारीख काढा आणि गेल्या वर्षीचा महिना त्याच तारखेपर्यंत कापा. यासाठी ‘टुडे’ वापरू नका. ऑनलाइन सेवेत ते जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आधी रिफ्रेश झालं तर त्याच्या लेखी अजून कालचाच दिवस असतो.

आकडे लाखांत दाखवायचे असतील तर तयार एककांत हजार, मिलियन, बिलियन, ट्रिलियन असेच मिळतात, लाख नाही. १,००,००० ने भागलेलं वेगळं मेजर करा आणि शीर्षकात ‘लाख रुपयांत’ असं लिहा.

जुळवणी, आणि मगच चित्रं

इथे थांबा. एकही आलेख काढण्याआधी एक साधं पान बनवा: महिनावार निव्वळ विक्री, शेजारी टॅलीच्या विक्री खात्याचा आकडा, शेजारी फरक. टॅलीचे आकडे हाताने एका छोट्या तक्त्यात भरले तरी चालतील. करपात्र रक्कम जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रातल्या आकड्याशीही ताडून बघा. फरक आला तर कारणं बहुतेक ठरलेली असतात: रद्द झालेली बिलं, राउंड-ऑफ, मालाच्या ओळीत नसलेलं भाडं, दुसऱ्या खात्यावर टाकलेली क्रेडिट नोट. प्रत्येक रुपयाचा खुलासा होईपर्यंत पुढे जाऊ नका. मालकाला एकदा एक चुकीचा आकडा सापडला की तो पुढे बरोबर आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही आणि पुन्हा वहीकडे वळतो. हे पान नंतर ‘हाइड’ करून ठेवा, काढून टाकू नका. दर महिन्याला ते अकाउंटंटला लागेल.

पान मांडणं

पहिल्या पानावर तीन प्रश्नांची तीन उत्तरं, एवढंच. वर तीन कार्ड: महिन्याची निव्वळ विक्री गेल्या वर्षीच्या तुलनेसह, ४५ दिवसांवरचं येणं, आणि गेल्या महिन्यात माल घेतलेल्या पण या महिन्यात न घेतलेल्या दुकानांची संख्या. खाली डावीकडे बीटवार आडवे स्तंभ, मोठ्याकडून छोट्याकडे लावलेले. उजवीकडे दिवाळीचा रेषालेख. तळाशी थकबाकीदारांचा तक्ता: पार्टी, येणं, सर्वांत जुन्या बिलाचे दिवस, शेवटच्या बिलाची तारीख.

सहाच्या सहा सेल्समन एका पाय चार्टमध्ये कोंबू नका, जवळजवळचे तुकडे डोळ्यांना कळत नाहीत. स्तंभांचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. नकाशाचा मोह तर आवराच. वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात इतकी आहेत की तुमचं दुकान दुसऱ्याच जिल्ह्यात उमटेल. लाल रंग एकाच अर्थासाठी राखा, इथे थकबाकीसाठी. कंपन्यांच्या ब्रँडचे रंग वापरले की लाल ब्रँड कायम संकटात असल्यासारखा दिसतो.

तपशील हवा असेल त्याच्यासाठी ‘ड्रिलथ्रू’चं दुसरं पान करा. तक्त्यातल्या पार्टीवर उजवं बटण दाबलं की तिची सगळी बिलं उघडतील. आणि ‘मोबाइल लेआउट’ टाळू नका, कारण मालक गोडाउनमध्ये उभा राहून फोनवरच बघणार आहे.

पॉवर बीआयच्या भाषेत तुम्ही हे जे बनवलंत त्याला रिपोर्ट म्हणतात. ‘डॅशबोर्ड’ ही तिथे ऑनलाइन सेवेत, रिपोर्टांतले तुकडे टाचून केलेली एकपानी वेगळी गोष्ट आहे. एकाच एजन्सीला तिची गरज पडत नाही.

लोकांपर्यंत पोचवणं

रिपोर्ट ‘पब्लिश’ करून इतरांना दाखवायचा तर बनवणारा आणि बघणारा दोघांनाही प्रो परवाना लागतो. एप्रिल २०२५ पासून त्याची अमेरिकेतली जाहीर किंमत माणशी महिन्याला १४ डॉलर आहे. सहा सेल्समनसाठी हा खर्च नको असेल तर मालक आणि अकाउंटंट असे दोनच परवाने घ्या आणि सेल्समनला त्याच्या बीटचं पान पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. ‘पब्लिश टू वेब’ हा फुकटचा पर्याय मात्र चुकूनही वापरू नका. त्याने रिपोर्ट साऱ्या इंटरनेटवर उघडा होतो. तुमचे दर, तुमची गिऱ्हाइकं, कोणाचं किती थकलंय हे सगळं.

फायली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असतील तर त्या ऑनलाइन सेवेपर्यंत पोचवणारा ‘ऑन-प्रिमाइसेस डेटा गेटवे’ तिथे बसवा. तो कॉम्प्युटर रिफ्रेशच्या वेळी चालू असायला हवा. फायली वनड्राइव्ह फॉर बिझनेस किंवा शेअरपॉइंटवर ठेवून तिथूनच जोडल्या तर गेटवे लागत नाही. प्रो परवान्यात दिवसातून ८ वेळा रिफ्रेश लावता येतं. आपल्याला दोनदा पुरे, सकाळी बीटवर निघण्याआधी आणि संध्याकाळी बिलं झाल्यावर. लागोपाठ ४ वेळा रिफ्रेश फसलं तर वेळापत्रक आपोआप बंद पडतं, म्हणून फसल्याचा ईमेल कोणाकडे जाईल ते आधीच ठरवा. पानाच्या कोपऱ्यात ‘शेवटचं बिल कोणत्या तारखेचं’ हे दाखवा, म्हणजे शिळा आकडा ताजा समजून कोणी निर्णय घेणार नाही.

सेल्समनला परवाना दिलाच, तर ‘मॅनेज रोल्स’मध्ये ‘यूझरप्रिन्सिपलनेम’ वापरून प्रत्येकाला फक्त त्याची ओळ दिसेल असा नियम लावा. हा नियम वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट ठेवलेल्या ऑनलाइन जागेत) ‘व्ह्यूअर’ असलेल्यांनाच लागू होतो. सोय म्हणून कोणाला ‘मेंबर’ केलंत तर त्याला सगळ्यांचं सगळं दिसतं. पार्टीचे फोन नंबर रिपोर्टमध्ये घेऊच नका, या तिन्ही प्रश्नांना ते लागत नाहीत.

पहिला महिना आणि पुढचा एप्रिल

पहिले काही आठवडे सोमवारच्या बैठकीत तोच पडदा लावा आणि सेल्समनना बोलू द्या. ‘हे दुकान बंद झालंय’, ‘त्याने दुसऱ्या नावाने बिल घ्यायला सुरुवात केली’ अशा गोष्टी त्यांनाच ठाऊक असतात. त्या पार्टीच्या यादीत लगेच दुरुस्त करा. दोन महिन्यांत कोणी न बघितलेला आलेख काढून टाका. कोण काय बघतं ते ‘यूसेज मेट्रिक्स’मध्ये कळतं.

१ एप्रिलला चार कामं असतात. टॅलीत नव्या वर्षासाठी कंपनी वेगळी केली असेल तर फायली दोन्हींतून काढायच्या आणि सुरुवातीची येणी दोनदा मोजली जात नाहीत ना ते जुळवणीच्या पानावर पाहायचं. तारखेच्या तक्त्याचा शेवट एक वर्ष पुढे सरकवायचा. सेल्समनची नवी टार्गेट भरायची. आणि दिवाळीच्या तक्त्यात, नवं पंचांग उघडून, त्या वर्षाच्या लक्ष्मीपूजनाची तारीख लिहायची.